एका स्वराची वतनदारी

करमणुकीलाही कायदेकानू लावून तिचे एक रीतसर खाते बनविण्याची जी विलक्षण हातोटी इंग्रज समाजाला साधलेली आहे, तिचा परमोच्च आविष्कार ज्याला पाहावयाचा असेल त्याने तेथील नाताळच्या मेजवानीनंतर चालणारे हातघंटांचे खेळ अवश्य पाहावेत.

या घंटांचा जन्म मात्र खेळासाठी झालेला नाही. सतराव्या शतकात चर्चच्या मनोऱ्यांतील प्रचंड घंटा निरनिराळ्या क्रमांनी वाजविण्याचे वेड त्या देशात माजले आणि १६७७ साली फेबियन स्टेडमन याने त्या विषयावर ‘कॅम्पॅनालोजिया’ हा ग्रंथही प्रसिद्ध केला. तीन घंटांचे क्रम होतात सहा, चारांचे चोवीस. पण सातांचे होतात ५०४०, आणि एवढी उजळणी मनोऱ्यात काकडत करण्यापेक्षा शेगडीपाशी बसून करावी, या सुज्ञ विचाराने हातघंटा प्रचारात आल्या. शेगडीपाशी आलेली कोणतीही विद्या फार काळ गंभीर राहत नाही.

घंटेचा एक रांगडा खेळ जोसेफ स्ट्रट याने १८०१ साली नोंदविला आहे. दोरांनी आखलेल्या रिंगणात नऊदहा जणांचे डोळे बांधीत. एकटा घंटावाला तेवढा डोळस, परंतु त्याने अखंड घंटा वाजवून आपला ठावठिकाणा जाहीर करीत पळावयाचे, आणि वीसेक मिनिटे कोणाच्या हाती लागला नाही तर इनाम त्याचे. दिवाणखान्यातला खेळ याच्या नेमका उलट. घंटा मुळीच न वाजविता हातोहात फिरवावयाची. तिचा लोलक एकाच रेषेत हलत असल्यामुळे ती आडव्या अंगाने सरकविली की मूग गिळून बसते, ही गोम जाणणारे वृद्ध अखेरपर्यंत बाद होत नाहीत.

पण खरी मौज सुरावटीच्या खेळात. प्रत्येक पाहुण्याला एकेका स्वराची घंटा आणि, काशावर घामाचे डाग पडू नयेत म्हणून, हातमोजे देण्यात येतात. मग तो गृहस्थ त्या संध्याकाळपुरता त्या स्वराचा वतनदार. दुसऱ्याच्या शिवेत पाऊल टाकण्याची त्याला परवानगी नाही आणि आपली पाळी चुकविण्याची सवलतही नाही. अशाच एका मेजवानीत आम्ही सात पाहुणे होतो. माझ्या वाट्याला निषाद आला आणि यजमानीणबाईंनी ‘ट्विंकल ट्विंकल’ हे बालगीत फर्माविले. या गीताचा सारा कारभार षड्जापासून धैवतापर्यंतच्या सहा स्वरांत आटोपतो. निषादाला त्यात कामच नाही! शेजारचे पंचम आणि मध्यम घाईगर्दीत एकमेकांवर आदळत असता, मी शुभ्र हातमोज्यांत घंटा उंच धरून, चेहऱ्यावर यथायोग्य तन्मयता आणून, आरंभापासून अंतापर्यंत निश्चल उभा राहिलो. गाणे संपताच बाईंनी भर सभेत निवाडा दिला की, सबंध मंडळीत एकही चूक न करणारे तेवढे हे हिंदी गृहस्थ. मी तो नम्रपणे मान्य केला.

आपल्याकडील सभासंमेलनांच्या चिटणिसांना माझी विनंती आहे की, त्यांनी निषादाच्या काही घंटा दप्तरी मागवून ठेवाव्यात, आयत्या वेळी ‘दोन शब्द’ बोलू इच्छिणाऱ्या मान्यवरांच्या हाती त्या सन्मानपूर्वक द्याव्यात, आणि गीताची निवड मात्र कटाक्षाने स्वतःकडे ठेवावी.