न छापलेल्या आठ चाचण्या

2009च्या ऑगस्टमध्ये पुण्यात नायडू रुग्णालयासमोर स्वाइन फ्लूच्या तपासणीच्या रांगा लागल्या होत्या आणि घरोघरी टॅमीफ्लूचं नाव पोचलं होतं. या औषधाने न्यूमोनियासारखी गुंतागुंत टळते, असं कॉक्रेनच्या पद्धतशीर आढाव्यात, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या लेखात, म्हटलेलं होतं. काटेकोरपणासाठी जगभर नावाजलेली ही संस्था. त्याच वर्षी हायाशी केइजी या जपानी बालरोगतज्ज्ञाने विचारलं, या दाव्यामागच्या दहा चाचण्यांपैकी आठ छापल्यात कुठे?

कुठेच नाही! दहाही चाचण्यांचा खर्च रोश या उत्पादक कंपनीचा, आणि त्यांची गोळाबेरीज मांडणाऱ्या लेखाच्या लेखकांतही कंपनीचीच माणसं. चाचण्यांचे मूळ अहवाल आढावा घेणाऱ्यांच्या हाती पूर्ण यायला 2013 उजाडलं. 2014च्या नव्या आढाव्यात दिसलं ते असं: प्रौढांची लक्षणं सात दिवसांऐवजी सरासरी 6.3 दिवसांत ओसरतात. रुग्णालयात दाखल होणं टळल्याचा पुरावा नाही. मळमळ आणि उलट्या वाढतात. तोवर एकट्या ब्रिटनने या गोळ्यांच्या साठ्यावर 42 कोटी पौंडांहून जास्त रक्कम ओतली होती.

औषध असो की उपकरण, त्यामागे आढावा हवाच. पण विकणाऱ्यानेच प्रश्न ठरवायचा, अभ्यास निवडायचे, नकोसे गाळायचे आणि निष्कर्ष माहितीपत्रकावर छापायचा, याला मी पुरावा मानत नाही. जनतेच्या पैशाने खरेदी करणाऱ्यांनीही मानू नये.

कंपनीचा आढावा समोर आला की त्यांनी आधी विचारावं: अभ्यासांचा शोध सुरू करण्याआधी आढाव्याचा आराखडा जाहीर केला होता का? 2011पासून प्रॉस्पेरो या नोंदवहीत तो फुकट नोंदवता येतो, त्यामुळे सबब चालणार नाही. किती अभ्यास सापडले, किती वगळले आणि का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोंदणी होऊनही कधीच न छापलेल्या चाचण्या धुंडाळल्या का? आपल्याकडे जून 2009पासून औषध-चाचण्यांची सीटीआरआय या भारतीय नोंदवहीत नोंदणी सक्तीची आहे. ती नोंदवही कुणालाही उघडून पाहता येते. सरकारी रुग्णालयाच्या खरेदी समितीने कंपनीचा आढावा एका हातात आणि ही यादी दुसऱ्या हातात घेऊन बसावं. यादीतली जी चाचणी आढाव्यात नसेल, तिचा निकाल समोर आल्याशिवाय खरेदीच्या कागदावर सही करू नये.