क्षेपणास्त्राचा लगाम कुणाच्या हाती?

'वॉर थंडर' हा युद्धाचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या दोघांमध्ये विमानविरोधी क्षेपणास्त्रांचा विषय काढून बघा. एक पल्ला सांगेल, दुसरा वेग सांगेल, आणि खरा प्रश्न दोघांच्याही तोंडी येणार नाही. चार-आठ किलोमीटरच्या लढाईत क्षेपणास्त्राची लायकी ते किती लांब जाते यावर ठरत नाही. नळीतून सुटल्यावर त्याला वळवतो कोण, यावर ठरते.

स्टिंगर घ्या. अमेरिकी सैन्यात ते १९८१ साली आले; खेळात ते जर्मन ओझेलोट आणि अमेरिकी एलएव्ही-एडी या गाड्यांवर मिळते. ते इंजिनाच्या उष्णतेचा माग काढते. लॉक करा, डागा आणि गाडी लगेच टेकडीआड न्या. पुढचे ते स्वतः बघते. ही सोय फुकट नाही. समोरच्याने वेळेवर फ्लेअर, म्हणजे उष्णतेचा चकवा देणारे जळते गोळे, टाकले, तर आपले क्षेपणास्त्र त्यांच्या मागे जाऊ शकते, आणि मग आपल्या हातात काही उरत नाही.

ब्रिटिशांचे स्टारस्ट्रीक बरोबर उलट. १९९७ पासून ब्रिटिश सैन्यात असलेले हे बेलफास्टचे क्षेपणास्त्र ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेग घेते आणि पुढे तीन अणकुचीदार बाण सोडते. बाण लेझरच्या झोतावरून जातात, त्यामुळे फ्लेअरला भीक घालत नाहीत. पण त्यांना प्रॉक्झिमिटी फ्यूज, म्हणजे लक्ष्याजवळ येताच स्फोट घडवणारी कळ, नाही. जवळून गेले तर फुटत नाहीत, थेट लागावेच लागतात. शेवटच्या क्षणापर्यंत नेम धरून ठेवायचा, तोही स्टॉर्मरसारख्या पातळ पत्र्याच्या गाडीत, आडोसा सोडून. जागच्या जागी तरंगणारे हेलिकॉप्टर यातून वाचत नाही. हुलकावण्या देत वळणारे जेट मात्र बहुतेक वेळा वाचते. वेगाचा आकडा बघून स्टारस्ट्रीक निवडणाऱ्याला हे पहिल्याच सामन्यात कळते.

सोव्हिएत स्ट्रेला-१० चा तिसराच न्याय. त्याचा फोटोकॉन्ट्रास्ट सीकर, म्हणजे लक्ष्य शोधणारा डोळा, आकाशाच्या पार्श्वभूमीवरचा गडद ठिपका पकडतो. फ्लेअरने तो फसत नाही, पण विमान डोंगराच्या पुढ्यातून आले की त्याला दिसतच नाही. पल्ला खेळातल्या माहितीच्या कार्डावर आहे, मैदानात नाही.

तुंगुस्का आणि रोलँड या यंत्रणांची क्षेपणास्त्रे रेडिओच्या आज्ञेवर चालतात. नेम आपण धरायचा, दुरुस्ती यंत्रणा पाठवते, आणि प्रॉक्झिमिटी फ्यूज असल्यामुळे थोडी चूक खपते. तुंगुस्काला जोडीला ३० मिलिमीटरच्या तोफाही आहेत. म्हणून माझा कौल स्पष्ट आहे: वळत्या विमानांसाठी तुंगुस्का, हेलिकॉप्टरसाठी स्टारस्ट्रीक, आणि सतत जागा बदलत लढणाऱ्यासाठी स्टिंगर. यात एकही निवड पल्ल्यावरून केलेली नाही.

आता खेळ बनवणाऱ्या गैजिनकडे वळू. स्टिंगर आणि तसेच दुसरे क्षेपणास्त्र मिस्ट्राल किती जोराने वळतात, यावरून खेळाडूंचा राग जुना आहे. पाश्चात्त्य कागदपत्रांत त्यांची वळण्याची ताकद जास्त दिसते, खेळात ती रशियन इग्ला क्षेपणास्त्राच्या जवळ बसवली आहे. २०२३ मध्ये कंपनीने सविस्तर खुलासा केला: अशी क्षेपणास्त्रे स्वतःभोवती फिरत उडतात, म्हणून क्षणभराचे कमाल वळण आणि सरासरी वळण यांत फरक पडतो. भौतिकशास्त्र म्हणून मुद्दा बिनचूक आहे. पण इग्लावरून स्टिंगरचे अनुमान काढायचे आणि ते मोजमाप असल्यासारखे कार्डावर छापायचे, हे चूक आहे. आकडा कागदपत्रातून आला की अंदाजातून, हे त्याच्या शेजारीच लिहा. खेळाडू अंदाज मान्य करतील. लपवलेला अंदाज मान्य करणार नाहीत.

आणि खेळाडूंनाही एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. २०२१ मध्ये ब्रिटिश चॅलेंजर २ रणगाडा खेळात चुकीचा दाखवला आहे हे सिद्ध करण्यासाठी एकाने लष्करी कागदपत्रातली पाने उघड टाकली. त्यानंतर इतर देशांच्या रणगाड्यांबाबतही तेच घडले. गोपनीय कागद आम्ही वापरत नाही, ही कंपनीची भूमिका इथे शंभर टक्के योग्य आहे. खेळातला एक आकडा सुधारावा म्हणून खऱ्या रणगाड्यात बसणाऱ्यांचा जीव धोक्यात घालणे हा अभ्यास नव्हे, गुन्हा आहे.

पुढची विमानविरोधी गाडी घेण्याआधी कार्ड खालून वर वाचा. आधी मार्गदर्शनाची पद्धत, मग फ्यूज, मग वळण्याची ताकद. पल्ला सगळ्यात शेवटी.