रेडिएटरला दगडी झब्बा

जुन्या, देखण्या इमारतीला नवा भाग जोडायची टूम निघाली की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, दगडाशेजारी दगडच हवा. दुसरा म्हणतो, आपण अजून व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात राहतो का, काच लावा. पत्रं लिहिली जातात, सभा होतात, वास्तुविशारद 'संवाद' हा शब्द दर मिनिटाला वापरतात. या सगळ्या धुरळ्यात एकच माणूस शांत बसलेला असतो. इमारतीचा मालक. काच की दगड यावर लोक भांडतायत तोवर मजले किती, हा प्रश्न कुणी काढणार नाही, हे त्याला ठाऊक असतं.

कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, संसदेच्या शेजारी आणि रिडो कालव्याच्या काठी 'शातो लॉरिए' नावाचं हॉटेल आहे. चुनखडीच्या दगडी भिंती, तांब्याची हिरवी पडलेली उतरती छपरं, टोकदार बुरूज. एका रेल्वे कंपनीने १९१२ साली ते सुरू केलं. ज्यांच्या डोक्यातून ते निघालं ते कंपनीचे साहेब, चार्ल्स हेज, उद्घाटनाला पोचलेच नाहीत. ते टायटॅनिकवर होते. १९२९ मध्ये हॉटेलला एक अख्खा नवा भाग जोडला, त्याच दगडात, त्याच छपराखाली. आज तो मूळचाच वाटतो आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

२०१६ मध्ये नव्या मालकांनी मागच्या पार्किंगच्या जागी आणखी एक भाग बांधायचं ठरवलं आणि चित्रं प्रसिद्ध केली. ओटावाकरांनी ती पाहिली आणि नावं ठेवायला सुरुवात केली. शिपिंग कंटेनर म्हणून झालं, पण चिकटलं ते 'रेडिएटर', खोली तापवायचं भिंतीलगतचं उपकरण. सहा महिने बर्फात काढणाऱ्या लोकांना रेडिएटर नेमका कसा दिसतो हे सांगावं लागत नाही. आराखडा बदलला, पुन्हा बदलला, रेडिएटर काही जाईना. जुलै २०१९ मध्ये आधी दिलेली वारसा परवानगी रद्द करायचा ठराव नगरपरिषदेत आला आणि ९ विरुद्ध १४ मतांनी पडला. दोनच महिन्यांत शहराच्याच दुसऱ्या एका समितीने वेगळ्या कलमाखाली परवानगी नाकारली. (महापालिका सगळीकडे सारख्याच असतात, हे वाचून आपल्याला बरं वाटायला हरकत नाही.) मग अपील, वकील, वाटाघाटी, आणि 'हेरिटेज ओटावा' या संस्थेशी समझोता. नवं चित्र आलं. त्यात भरपूर चुनखडी होती, उभ्या खिडक्या होत्या, भडक काही नव्हतं. २०२१ मध्ये ते मंजूर झालं. शहराने सुटकेचा निःश्वास टाकला.

आता जरा आकडे बघू. २०१९ मधला निषेधार्ह रेडिएटर सात मजल्यांचा होता, खोल्या १४७. सर्वांना पसंत पडलेली इमारत म्हणजे दोन मनोरे, एक दहा मजल्यांचा, एक अकरा, खोल्या १५९. पाच वर्षं घसा कोरडा करून नागरिकांनी मालकाला बारा खोल्या वाढवून दिल्या.

खरं सांगायचं तर शेवटचा आराखडा आधीच्यांपेक्षा चांगलाच आहे. दोन मनोऱ्यांच्या मध्ये खाच ठेवल्यामुळे मागच्या बागेतून जुनं हॉटेल दिसत राहतं. आधी ते भिंतीआड जाणार होतं. ही खाच हीच त्या भांडणाची खरी कमाई. पण तिचं कौतुक कमी झालं. जास्त झालं ते दगडाचं.

काचवाल्यांकडे एक हुकमी पत्ता असतो. पॅरिस. लूव्हर संग्रहालयाच्या अंगणात १९८९ साली वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी काचेचा पिरॅमिड उभा केला तेव्हा लोकांनी किती शिव्या घातल्या, आणि आज तेच लोक त्याच्यासमोर फोटो काढतात! म्हणजे आज तुम्ही शिव्या देताय याचा अर्थ आमची इमारत थोर आहे. हे तर्कशास्त्र मान्य केलं तर शिव्या खाणारी प्रत्येक गोष्ट थोर ठरेल, आमच्या गल्लीतल्या खड्ड्यासकट. त्याच पॅरिसात १९७३ साली मोंपार्नासचा सुमारे २१० मीटर उंच मनोरा झाला. त्यालाही शिव्या पडल्या. त्या अजून थांबलेल्या नाहीत. लोक इतके वैतागले की १९७७ मध्ये शहराने ३७ मीटरच्या वरच्या बांधकामालाच बंदी घातली. हा मनोरा सादरीकरणात कुणी दाखवत नाही.

आणि पिरॅमिड तरी नीट दाखवा की! तो आहे जेमतेम एकवीस मीटरचा. खरं नवं बांधकाम अंगणाच्या खाली आहे: प्रवेश, तिकिटं, दुकानं, सगळं जमिनीत. शिवाय लूव्हरच्या एका अख्ख्या बाजूत अर्थखातं ठाण मांडून बसलं होतं, त्याला उचलून बेर्सीला पाठवलं आणि त्या दालनांत चित्रं लावली. म्हणजे नवा भाग बांधण्याआधी पेई आणि सरकारने जागा शोधली ती पायाखाली आणि कारकुनांच्या टेबलांखाली. लूव्हरचा दाखला देणाऱ्यांपैकी किती जण मालकाला सांगतील की साहेब, तुमचे सगळे मजले तळघरात घालतो?

लंडनची गोष्ट याहून गमतीची. नॅशनल गॅलरीला जोडून नवी इमारत हवी होती आणि सरकारला पैसे द्यायचे नव्हते. म्हणून १९८२ ची स्पर्धा अशी लावली की विकासकाने तिथे भाड्याची ऑफिसं बांधावीत आणि त्या कमाईतून वर चित्रांची दालनं द्यावीत. ऑफिसं आली म्हणजे आकार आला. १९८४ मध्ये राजपुत्र चार्ल्स यांनी वास्तुविशारदांच्याच समारंभात उभं राहून, हे तर लाडक्या मित्राच्या चेहऱ्यावरचं भयंकर गळू आहे, असं सुनावलं. यजमानांचे चेहरे पडले, जनता खूश झाली, आराखडा बारगळला. इतिहासात श्रेय राजपुत्राच्या जिभेला मिळालं. पण गळू कशाने बसलं? १९८५ मध्ये सेन्सबरी या दुकानदार घराण्यातल्या तीन भावांनी सगळा खर्च उचलला, आणि भाड्याच्या ऑफिसांची गरजच उरली नाही. १९९१ मध्ये उघडलेला सेन्सबरी विभाग सभ्य आहे तो बराचसा या चेकमुळे.

त्या विभागाच्या प्रवेशदालनात वास्तुविशारदांनी नुसते शोभेचे, काहीच न पेलणारे खांब घातले होते. २०२३ मध्ये दुरुस्तीसाठी त्यातला एक फोडला तर आत चिठ्ठी. लिहिणारे खुद्द देणगीदार जॉन सेन्सबरी, साल १९९०. आशय असा की हे खांब म्हणजे वास्तुविशारदांची चूक आहे, आणि तुम्ही ते पाडताय याचा मला अतिशय आनंद होतोय. खर्च उचलणाऱ्या माणसाचंही वास्तुविशारदापुढे काही चाललं नाही. बांधकाम चालू असताना खांबात कागद सरकवावा लागला. आणि एवढं होऊन, हे खांब काढण्याविरुद्ध मोहीम झाली होतीच. कारण १९९१ ची ती 'नवी भर' २०१८ मध्ये स्वतःच पहिल्या श्रेणीचा वारसा ठरली होती!

या विषयातले जाणकार १९६४ ची व्हेनिस सनद तोंडपाठ ठेवतात. तिचं नववं कलम सांगतं की जे नवं काम टाळताच येणार नाही ते वेगळं ओळखू यावं, त्यावर आपल्या काळाची मोहोर असावी. काचवाल्यांना हे फार आवडतं. त्यातलं 'टाळताच येणार नाही' एवढं मात्र बोलताना गळतं. तेरावं कलम सांगतं की जुन्या वास्तूचा तोल आणि परिसराशी असलेलं नातं बिघडणार असेल तर भर घालूच नये. ते कुणाच्या पाठांतरात नसतं.

आता मुंबई. अपोलो बंदरावरचं ताज १९०३ चं. त्याच्या आराखड्यात रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी नाव आहे. शेजारच्या ग्रीन्स हॉटेलच्या जागेवर १९७३ मध्ये मनोरा उभा राहिला. कमानी वगैरे लावून त्याला 'आपलं' केलं आहे, पण जुन्या घुमटाच्या उंचीशी त्याचं काही देणंघेणं नाही. तेव्हा विचारायला नियम नव्हता. वारसा नियमावली आली १९९५ मध्ये. आता श्रेणी आहेत, समिती आहे. तरी सुनावणीत बोलणं कशावर होतं? खिडक्या सागवानी की ॲल्युमिनिअमच्या, रंग पिवळट की करडा. किती बांधता येईल ते ठरवणाऱ्या एफएसआयचं पान फाईलमध्ये मागे टाचलेलं असतं. पुण्याच्या पेठांत तर तेवढीही तसदी नाही: वाडा पाडायचा, सहा मजले चढवायचे, फाटकाला प्लायवूडची कमान आणि नाव पुन्हा 'अमुक वाडा'.

अशा नव्या भागाच्या सादरीकरणातलं चित्र मात्र जरूर बघा. वेळ कायम संध्याकाळची. जुनी इमारत पुढे, उजळलेली, तिच्या पायऱ्यांवर फुगेवालं पोर. मागचा नवा भाग फिक्या निळ्या रंगात, आरपार, आभाळ कुठे संपतं आणि अठरावा मजला कुठे सुरू होतो ते कळू नये इतका. त्याची सावली कुणावर पडते ते विचारलंत तर उत्तर मिळेल की ते सविस्तर अहवालात आहे, आणि अहवाल इंग्रजीत, परिशिष्ट सातमध्ये.