मेलला गेट नसतं

रविवारी रात्री कोल्हापुरात तावडे हॉटेलच्या चौकात थोडा वेळ उभं राहून बघा. पुण्याच्या गाड्यांची वाट बघत पोरं-पोरी थांबलेली असतात. पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात पिशवी. पिशवीत भडंगाचा पुडा आणि घरच्या कांदा-लसूण चटणीची बरणी. सोडायला आलेला बाप गाडी हलेपर्यंत तिथून हलत नाही. आजचं सदर त्या बापासाठी आणि त्याच्या पोरासाठी आहे. ज्या नोकरीचे पेढे आपण गल्लीभर वाटले, ती एका रात्रीत एका मेलवर जाऊ शकते. गेली, तर त्या पोराच्या बाजूनं उभं राहील असं आपल्याकडं आज फारच थोडं आहे.

ट्विटरचं काय झालं ते आठवा. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलर मोजून ही कंपनी ताब्यात घेतली. त्याच दिवशी सीईओ पराग अगरवाल यांना बाहेर काढलं. आयआयटी मुंबईत शिकलेला हा माणूस त्या खुर्चीत वर्षभरही बसला नव्हता. पुढं जेमतेम आठवडा गेला आणि ४ नोव्हेंबरला साडेसात हजारांपैकी जवळपास निम्मी माणसं कमी केली. भारतात दोनशेच्या वर माणसं होती, त्यांतली बहुतेक सगळी गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई आणि दिल्लीची ऑफिसं बंद झाली.

कशी काढली ते नीट बघा. आधी एक मेल आला: ऑफिस तात्पुरतं बंद आहे, वाटेत असाल तर घरी परत जा. नोकरी राहिली असेल तर कंपनीच्या मेलवर कळेल, गेली असेल तर तुमच्या खासगी मेलवर. त्या मेलखाली माणसाचं नाव नव्हतं, नुसतं कंपनीचं होतं. भारतातल्या अनेकांच्या वाट्याला तर तो मेलही वेळेवर आला नाही. पहाटे लॅपटॉप उघडला तर पासवर्ड चालेना, ऑफिसच्या ग्रुपमधूनही बाहेर. ‘ॲक्सेस गेला’ हीच नोकरी गेल्याची बातमी. काहींना काढल्यावर दोनच दिवसांत कंपनीच्या लक्षात आलं की ही माणसं लागणार आहेत, आणि परत बोलावणं धाडलं. कुणाला काढतोय हे न बघता काढलं, याचा आणखी पुरावा कशाला पाहिजे?

कंपनी तोट्यात होती, हे खरं आहे. २०२१ मध्ये तिला बावीस कोटी डॉलरचा तोटा झाला होता. संस्थापकांपैकी एक जॅक डॉर्सी यांनी कंपनी आपण फार वेगानं वाढवली अशी कबुली देऊन माफीही मागितली. पण त्या खरेदीसाठी काढलेलं सुमारे तेरा अब्ज डॉलरचं कर्ज कंपनीच्याच अंगावर टाकलं गेलं, हेही तेवढंच खरं आहे. घर घेणाऱ्यानं कर्ज घराच्या नावावर काढलं आणि हप्ता भागवायचा म्हणून घरातली माणसं बाहेर काढली. याला काटकसर म्हणायला माझी तयारी नाही.

मालक परदेशी होता म्हणून असं झालं, असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. मराठीत रोज शुभेच्छा जिथून फिरतात त्या शेअरचॅटनं फेब्रुवारी २०२२ मध्ये एमएक्स टकाटक हे ॲप घेतलं आणि जानेवारी २०२३ मध्ये सुमारे वीस टक्के माणसं कमी केली. ट्विटरला देशी पर्याय म्हणून गाजलेलं ‘कू’ विकत घ्यायची बोलणी फिसकटली आणि जुलै २०२४ मध्ये ते बंदच पडलं. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं जगभरातली बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा पुण्यातल्या कितीतरी घरांत रात्री दिवे जळत राहिले असतील. मालक कोण, हा प्रश्नच दुय्यम आहे. काढायची रीत काय, हा खरा प्रश्न आहे.

कोल्हापूरला काम बंद पडणं नवीन नाही. शाहू महाराजांनी १९०६ साली उभी केलेली शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. त्याआधी १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लजची किती घरं होती हे त्या गावांत जाऊन विचारा. संप फसला, गिरण्या गेल्या, माणसं गावी परतली. त्या काळाचं गुणगान मला करायचं नाही. पण त्या माणसांजवळ एक गोष्ट होती. गेट.

नोटीस गेटवर लागायची. ती वाचायला शंभर माणसं एका जागी जमायची. तिथंच द्वारसभा व्हायची, तिथंच वर्गणी निघायची, कुणाच्या घरी चूल पेटली नाही हे तिथंच कळायचं. आज मेल प्रत्येकाला वेगळा जातो. आपापल्या खोलीत, दार लावून, प्रत्येक जण तो एकटा वाचतो. शेजारच्या टेबलावरच्या मित्राचं काय झालं हे विचारावं, तर ग्रुपच बंद केलेला. मेलला गेट नसतं. माणसं एकत्र येण्याची जागाच काढून घेतली आहे, आणि नुकसानभरपाईच्या रकमेपेक्षा मला याची चिंता जास्त वाटते.

याचा सगळ्यात वाईट परिणाम घरात दिसतो. गिरणी बंद पडली तेव्हा अख्खी चाळ एकदम बेकार झाली, म्हणून ‘तुझंच काही चुकलं का?’ असं कुणी कुणाला विचारलं नाही. आज एकट्याची नोकरी जाते आणि आई पहिला प्रश्न हाच विचारते. तिच्या मनात माया असते, पण पोराच्या काळजात तो सुरीसारखा जातो. म्हणून कित्येक पोरं महिनोन्‌महिने घरी सांगतच नाहीत. भाड्याच्या खोलीत बसून ‘काम चालू आहे’ म्हणत राहतात.

‘इतकी माणसं काढली तरी ट्विटर चालूच आहे की’, असं म्हणणारे भेटतात. मस्क यांनीच एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं होतं की जवळपास आठ हजारांवरून माणसं दीड हजारावर आणली आहेत. चालू आहे हे मान्य. पण काय अवस्थेत? गेलेल्यांत नुसते प्रोग्रॅमर नव्हते. खोटी माहिती, धमक्या, तोतया खाती यांच्यावर नजर ठेवणारी माणसंही होती. आठ डॉलर भरा आणि खातं खरं असल्याची निळी खूण घ्या, अशी सोय झाल्याबरोबर नोव्हेंबर २०२२ मध्येच कुणीतरी औषध कंपनी एली लिलीच्या नावानं खातं काढलं आणि इन्सुलिन फुकट असल्याचं जाहीर केलं. कंपनीला खुलासा करत बसावं लागलं. भारतात हीच खूण फेब्रुवारी २०२३ पासून महिना साडेसहाशे रुपयांत मिळू लागली.

आता हे पंचगंगेच्या काठावर आणून बघा. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. हायवे बंद, आंबेवाडी-चिखली पाण्यात, आणि घराघरात लोक मोबाइलवर दर तासाचा आकडा बघत बसलेले. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले ही खबर आणि धरण फुटलं ही अफवा, यांत दोन शब्दांचा फरक असतो. पहिली वाचून माणूस जनावरं सोडतो, दुसरी वाचून रस्त्यावर चेंगराचेंगरी होते. विकतच्या खुणेनं अशी अफवा खरी दिसू लागली, तर ती मराठीत वाचून थांबवायला कोण बसलंय? नजर ठेवणाऱ्या माणसाचा पगार वाचवला की त्याची किंमत अशा रात्री दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते.

आता कायद्याकडं या. १६ नोव्हेंबर २०२२ ला मस्क यांनी उरलेल्यांना कळवलं: यापुढं जीव तोडून काम करायची तयारी असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ‘होय’वर क्लिक करा, नाहीतर तीन महिन्यांचा पगार घेऊन बाहेर. आयर्लंडमधल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं क्लिक केलं नाही. कंपनी म्हणाली, यानं राजीनामा दिला. तिथल्या कामगार आयोगानं ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं की क्लिक न करणं म्हणजे राजीनामा नव्हे, आणि साडेपाच लाख युरोंहून जास्त भरपाई द्यायला लावली. मालक तोच, मेल तोच. फरक पडला तो कायद्यामुळं.

आपल्याकडं काय आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी लागते ती कारखाने, खाणी आणि मळ्यांना. तिथंही शंभर कामगारांची मर्यादा आता तीनशेवर नेली आहे. आयटी ऑफिसला परवानगी लागतच नाही. वर्षभर सलग काम केलेल्याला महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार मिळतो. तोही तो माणूस ‘कामगार’ या व्याख्येत बसला तर. सव्विसाव्या वर्षी पोराच्या कार्डावर ‘मॅनेजर’ लिहिलेलं असतं. कायदा प्रत्यक्ष काम बघतो, हुद्दा बघत नाही, पण हे सिद्ध करायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

आणि बहुतेकांना तिथवर जाताच येत नाही, कारण त्यांच्याकडून आधीच राजीनामा लिहून घेतलेला असतो. ‘स्वतःहून दे, म्हणजे पुढच्या कंपनीत अडचण येणार नाही.’ पोरगं घाबरतं, सही करतं. त्या सहीसरशी कपात कागदावरून पुसली जाते आणि भरपाईचा हक्क सांगणंही अवघड होतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. काढायचं असेल तर जबाबदार माणसानं समोर बसून सांगावं आणि सही असलेला कागद द्यावा. ठरावीक मुदतीत एकाच कंपनीत घेतलेले राजीनामे ठरावीक संख्येच्या वर गेले, तर ती कपात आहे असं कायद्यानं धरावं. घरून काम करणाऱ्या पोराला कोल्हापुरातल्याच सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार देता येईल, हे नियमात स्पष्ट लिहावं. कोल्हापुरात आयटी पार्क हवं म्हणून आपण वर्षानुवर्षं मागणी करतोय. ती करताना हे तीन मुद्दे त्याच निवेदनात जोडावेत. पार्क आलं आणि हे नसलं, तर पुण्यात एकट्यानं वाचलेला मेल पोरं इथं एकट्यानं वाचतील.

कायदा व्हायला वेळ लागेल. तोवर पुढच्या रविवारी तावडे हॉटेलला पोराला सोडायला जाल, तेव्हा बरणी हातात देताना एवढं सांगा: कुणी राजीनामा लिहून मागितला तर त्या दिवशी सही करू नकोस. आधी घरी फोन कर. आणि तो फोन आला, की काय चुकलं ते विचारू नका. कधी येतोस, ते विचारा.