मेलेल्यांची शिकवणी

काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा खेळ आहे असं मानणारे लोक दोन प्रकारचे असतात: तो कधीच न खेळलेले पालक आणि तो कालपासून खेळायला लागलेली त्यांची मुलं. दोघांचीही चूक क्षम्य आहे, कारण पडद्यावर सतत बंदूकच दिसते. मिन ली आणि जेस क्लिफ या दोघांनी 1999मध्ये ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरफार करून हा प्रकार फुकट वाटला, पुढच्या वर्षी वाल्व कंपनीने तो आपल्या नावाने बाजारात आणला आणि 2023मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक 2’ आलं तरी सांगाडा तोच राहिला. पाच विरुद्ध पाच. एका टीमने बॉम्ब लावायचा, दुसरीने तो लावू द्यायचा नाही, लावलाच तर निकामी करायचा. एवढं कळायला दोन मिनिटं पुरतात आणि तेवढ्याच भांडवलावर नवखा मैदानात उतरतो, पहिल्याच वळणावर मरतो आणि उरलेले चौघे एकदम त्याचे गुरू होतात. या चार गुरूंचा अभ्यासक्रम एका ओळीचा असतो: ‘‘अरे, मार ना त्याला!’’ माझं म्हणणं असं, की हा अभ्यासक्रमच उलटा आहे. नवख्याला मारायला नव्हे, थांबायला शिकवावं. तेच गुरूंनीही शिकावं, पण ते पुष्कळच अवघड आहे.

पुरावा खेळाच्या घडणीतच आहे. सिनेमातला नायक धावता धावता दहाजणांना लोळवतो. इथे धावता धावता रायफल चालवली, तर नेमाची फुली शत्रूच्या कपाळावर असूनही गोळी त्याच्या शेजारच्या भिंतीत जाते. गोळी सरळ जावी तर आधी पाय थांबले पाहिजेत आणि नुसतं बटण सोडून ते पटकन थांबत नाहीत, थोडे घसरतात. म्हणून डावीकडे सरकताना निमिषभर उजवीकडचं बटण दाबायचं आणि त्या थांबलेल्या क्षणी गोळी झाडायची. या ‘काउंटर-स्ट्रेफ’वर जाणत्यांचं अर्धं कौशल्य उभं आहे. बोटाचंही तेच. एके-47ची एक गोळी डोक्याला लागली की हेल्मेट घातलेला गडीही आडवा होतो, तरी नवखा बोट दाबतो ते तीसच्या तीस गोळ्या संपेपर्यंत सोडत नाही. बंदूक आधी वर चढते, मग डावी-उजवीकडे झोके घेते आणि शेवटच्या दहा गोळ्या शत्रूला उद्देशून नसतात, हवामानाला उद्देशून असतात. पायांच्या आवाजाचं तर विचारूच नका. पळणाऱ्याची पावलं प्रतिस्पर्ध्याला स्पष्ट ऐकू येतात, सावकाश चालणाऱ्याची येत नाहीत. आपला नवखा मात्र बॉम्बच्या जागेपर्यंत असा दणादण जातो, की समोरच्याने कोपऱ्यात निवांत उभं राहून फक्त त्याची वाट पाहायची.

पाय आणि बोट आवरलं, तरी खिसा उरतोच. हा खेळ राउंडागणिक पैसे देतो आणि त्यातूनच बंदुका घ्यायच्या असतात. सुरुवातीला हातात 800 डॉलर, एके-47ची किंमत 2,700, दुर्बिणीच्या एडब्ल्यूपीची 4,750 आणि हेल्मेटसकट चिलखताची 1,000. हरलेल्या टीमलाही भत्ता मिळतो आणि हरत राहिलं तर तो 1,400 वरून वाढत 3,400 पर्यंत जातो. यातून जाणत्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की हरल्यावर पाचांनीही मिळून एक राउंड काटकसरीत काढावा आणि पुढच्या राउंडला पाचांनी मिळून पूर्ण शस्त्रसज्ज व्हावं. नवख्याकडे 2,800 जमले, की तो 2,700ची रायफल घेऊन, चिलखताविना, पिस्तूलवाल्या चौघांच्या पुढे धावत सुटतो. ती रायफल पुढच्या अर्ध्या मिनिटात शत्रूने उचललेली असते, म्हणजे खरेदी आपल्या पैशाने होते आणि गिऱ्हाइकाला घरपोच मिळते. पुढच्या राउंडला बाकीच्यांची खरेदी होते, याचा खिसा मात्र रिकामा असतो. मग ‘‘ड्रॉप दे ना कुणीतरी’’, म्हणजे मला बंदूक घेऊन द्या, अशी आर्जवं सुरू होतात. पाय, बोट, पाऊल आणि पाकीट, चारही ठिकाणी धडा एकच निघतो: आवर.

यावर अनुभवी खेळाडू म्हणेल, की हे सगळं खरं असलं तरी शेवटी नेम नसेल तर आवरून काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. वरच्या पातळीवर नेमाशिवाय कुणी टिकत नाही. पण नेम ही शिकवायची गोष्टच नाही, ती घोटायची आहे. सरावाच्या नकाशावर बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले गडी, उभे करून तासन्तास गोळ्या झाडल्या की हात बसतो आणि त्यासाठी शेजारी गुरू बसवावा लागत नाही. उलट ‘या राउंडला काही घेऊ नकोस’ हे नवख्याला एकट्याने हजार बॉट मारूनही उमगणार नाही, कारण बॉट कधी पैशावरून कुरकुरत नाहीत. माणसाचा वेळ महाग आहे; तो अशाच गोष्टींवर खर्चावा, ज्या माणसाशिवाय कळत नाहीत.

आता गुरूंकडे वळू. बहुतेक शूटर खेळांत मेलेला गडी काही सेकंदांत पुन्हा उभा राहतो. इथे तो राउंड संपेपर्यंत मेलेलाच राहतो आणि तोवर जिवंत सहकाऱ्याच्या डोळ्यांनी खेळ पाहतो. दुर्दैवाने त्याचा माइक मरत नाही. आपले पितर निदान भाद्रपदाच्या पंधरवड्यापुरते येतात आणि जेवून गुपचूप जातात. हे पितर दर राउंडला येतात आणि खीर-वडे न मागता सूचना देतात. ‘‘डावीकडे बघ! नाही, तुझ्या डावीकडे! स्मोक टाक! टाकू नकोस!’’ ज्याला या क्षणी फक्त पावलांचा आवाज ऐकायची गरज आहे, त्याच्या कानात चार जण एकाच वेळी निरनिराळे चौक सांगत असतात. यांतली प्रत्येक सूचना सुटी घेतली तर बरोबर असते. एकत्र केल्या की त्यांचा गोंगाट होतो. म्हणून शिकवणाऱ्यांसाठी नियम सोपा ठेवावा: शत्रू कुठे दिसला आणि त्याला किती लागलंय, एवढं सांगून गप्प बसावं. बाकीचं पुढच्या खरेदीच्या वेळेत बोलावं आणि तेही एका सामन्यात एकाच विषयावर. आज पाय थांबवणं, उद्या पैसे. एका संध्याकाळी चारही वेद शिकवायला निघालेल्या गुरूचा शिष्य दुसऱ्या दिवशी कॅरम खेळताना सापडतो.

‘‘आम्हाला कुणी शिकवलं होतं? मार खाऊनच शिकलो,’’ हा आक्षेप सगळ्यांत जोरात येतो आणि तो बहुधा सायबर कॅफेच्या पिढीकडून येतो. पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये 1.6 ही आवृत्ती तासावर पैसे मोजून खेळलेले हे लोक. त्यांच्या बोलण्यात दोन गफलती आहेत. पहिली, मार खाऊन शिकलेले तेवढेच आज बोलायला हजर आहेत. मार खाऊन निघून गेलेले कधीच दुसरीकडे रमले, त्यांची साक्ष कोण काढणार? दुसरी गफलत मोठी आहे: त्यांना शिकवणारे होते. कॅफेत शेजारच्या खुर्चीवरचा दादा तुमच्या पडद्यात डोकावून ‘‘पळू नकोस रे, चाल’’ म्हणायचा, गरज पडली तर माउस हातातून काढून घेऊन दाखवायचा. ती शिकवणीच होती. आज खुर्च्या वेगवेगळ्या शहरांत गेल्या, दादा दिसेनासा झाला आणि फक्त त्याचा आवाज उरला, तोही चिडलेला.

मग यूट्यूब आहेच की, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की व्हिडिओला तुम्ही दिसत नाही. त्यावरून नवखा ‘डस्ट टू’ या नकाशातल्या दारावर धूर कुठून टाकायचा ते अंशाच्या हिशेबाने शिकतो, जागेवर उभा राहून सुरेख धूर टाकतो आणि मग स्वतःच्याच फ्लॅशने आंधळा होऊन त्या धुरात शिरतो. आपण काय चुकलो हे न कळणं हीच ज्याची अडचण आहे, त्याने शोधायचं तरी काय? आणखी एक तक्रार खरी मानली पाहिजे: रेटिंगच्या सामन्यात शिकवणी घेतली, तर बाकीच्यांचे गुण विनाकारण बुडतात. बरोबर आहे. म्हणून शिकवणीची जागा कॅज्युअल सामने आणि बॉट ही आहे. पण नव्या खात्याचा बुरखा घेऊन नवख्यांच्यात उतरणाऱ्या आणि त्यांची चटणी करणाऱ्या जुन्या खेळाडूंनी तरी गुणांच्या पावित्र्याबद्दल बोलू नये.

डिसेंबर 2018पासून हा खेळ फुकट आहे, त्यामुळे दारातून नवखे येतच राहणार. त्यांना शिकवणं म्हणजे धर्मादाय नव्हे, स्वार्थ आहे, कारण पाचातला एक पळून गेला की उरलेल्या चौघांनाच मार बसतो. खेळ बनवणाऱ्यांना हे कळलं होतं. बॉम्ब आणि रायफलींच्या त्या बाजारात ‘सीएस:गो’ या आधीच्या आवृत्तीने सहकाऱ्याला शाबासकी देण्यासाठी जे मोजके शेरे ठेवले, त्यांत ‘चांगला शिक्षक’ हाही होता. तो मिळाला की नाही, हे पाहायला प्रोफाइल उघडायची गरज नाही. ज्या दिवशी तुमचा शिष्य शेवटचा जिवंत उरेल, पाय रोखून कोपऱ्यात उभा राहील आणि तुम्ही तोंड उघडताच ‘‘दादा, एक मिनिट गप्प बसा, पावलं ऐकू येत नाहीत’’ असं म्हणेल, त्या दिवशी शिकवणी पुरी झाली असं समजावं आणि खरोखरच गप्प बसावं.