खतप्रमुख

आमच्या सोसायटीच्या खताला वास येत नाही, हे पटवायला मी आजवर अनेकांच्या नाकाशी मूठ नेली आहे. त्यात आमचे व्याही आहेत, एक कुरिअरवाला आहे आणि मत मागायला आलेला एक उमेदवारही. 'खतप्रमुख' हे पद मीच सुचवलं आणि मीच, नको नको म्हणत, स्वीकारलं.

तेव्हापासून माझ्या बोलण्यात मिथेन आला. पूर्वी मधुमेह यायचा. लग्नात कोणी अर्धी जिलबी पानात टाकली की मी सुरू होतो: डेपोतल्या ढिगाखाली ओला कचरा दबला की त्याला हवा मिळत नाही, बिनहवेच्या जंतूंचं फावतं, मिथेन सुटतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वी तापवतो. तोच कचरा वाळका पाला घालून, वरखाली करत कुजवला तर... इथवर समोरचा आइस्क्रीमच्या रांगेत पोचलेला असतो. बायको म्हणते, "अहो, मिथेन नंतर. आधी आहेराचं पाकीट द्या."

खताच्या पोटात खुपसायचा थर्मामीटर मी पदरच्या पैशांनी आणला. काटा साठ अंशांवर गेला की लगेच ग्रुपवर फोटो. नातवाच्या तापाचा मी एवढा पाठपुरावा केला नव्हता.

पण झाकण उघडलं की जिवाला लागतात त्या पोळ्या. अख्ख्या, चळतीने. अहो, शिळी पोळी ही काय टाकायची वस्तू आहे? ती हातानेच कुस्करायची. मिक्सरमधून काढणाऱ्यांशी मी फारसा संबंध ठेवत नाही. कांदा जरा ओबडधोबड, तेल सढळ. मोहरी तडतडली की हिंग, हळद, मिरची, कढीलिंब, शेंगदाणे. पोळी घातली की पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून दणदणीत वाफ आणायची. साखर चिमूटभर, चिमटीचं माप ज्याच्या त्याच्या घराण्याप्रमाणे. वरून ओलं खोबरं, लिंबू. आणि कढईच्या तळाला धरलेली ती खरपूस खरवड! तिच्यावरून आम्हा भावंडांत अबोले झालेत. फोडणीच्या भाताचं इथे काढत नाही, लेख खताचा आहे. आईच्या तोंडून मिथेन हा शब्द कधी ऐकला नाही. तिच्या घरातून बाहेर पडायची ती भाजीची देठं आणि चहाचा चोथा.

आमच्याकडे अशाच एका चळतीखाली डायपर निघालं. मी थर्मामीटर घेऊन उभा होतो. हात घातला सफाईच्या मावशींनी.

रोज त्याच घालतात. काच, ब्लेड, पॅड, सगळं त्यांच्या बोटांना आधी कळतं. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच पुण्यातल्या कचरावेचक बायका कधीपासून सांगताहेत. तीन-तीन बेडरूमच्या घरात एक लाल पेन नसावं? २०१६ च्या नियमांनी ओला-सुका वेगळा करायची जबाबदारी घराघरावर टाकली. आमच्या इमारतीत ती जिन्याने उतरून मावशींच्या हातावर आली. तिकडे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं सोसला, विहिरी नासवून घेतल्या. त्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा इकडे, शहराला वेठीला धरतात म्हणून, आम्ही नाकं मुरडत होतो. त्याच नाकांशी मी आता मूठ नेतो.

मावशींना एकदा मी कौतुकाने म्हणालो, "बघा, अजिबात वास नाही!"

"कसा येईल दादा? तुम्ही खाली यायच्या आधी मी सगळं खालीवर करून ठेवते ना."

वार्षिक सभेत मी त्यांच्या पगारवाढीचा आणि रबरी हातमोज्यांचा विषय मांडला. मिळकतकरातल्या सवलतीचं काय करायचं यावर आधीच बराच वेळ गेला होता, मग खत किलोला कितीने विकायचं यावर, आणि मग, खताचा मुळीच संबंध नसताना, पाहुण्यांच्या पार्किंगवर. हातमोजे मंजूर झाले. पगारवाढ पुढच्या सभेवर गेली. मी उठून कडक निषेध नोंदवणार, एवढ्यात अध्यक्षांनी खतप्रमुखांच्या निःस्वार्थ सेवेबद्दल आभाराचा ठराव मांडला आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या चालू असताना निषेध कसा करणार? मी हात जोडले, आणि फोटो काढणाऱ्याला जरा उजवीकडून घ्यायला सांगितलं.