आधी वायर ओढा

"काका, चार अँटेनावाला घ्या. अख्ख्या बिल्डिंगला रेंज मिळेल." कर्जतच्या दुकानदाराने खोकं पुढे सरकवलं आणि भाच्याने पाकीट काढलं. मी त्याचा हात धरला.

अँटेना मोजून राउटर घेऊ नका. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी मोबाइलला उलट उत्तर द्यावं लागतं आणि मोबाइलचा आवाज मुळात बारीक. ते उत्तर दोन भिंती आणि एक स्लॅब ओलांडून पोचलं नाही, की वर काड्या दिसत राहतात आणि पान काही उघडत नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत १२०० लिहिलेलं होतं. ही बेरीज आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, मिळून सुमारे १२००. एक मोबाइल एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो, म्हणजे हा आकडा कुणाच्याच हातात पडत नाही. मी खोकं उलटं केलं. मागे बारीक अक्षरांत सॉकेटचा वेग होता: १०/१००. वायरीतून आतच शंभर येणार, तर हवेत बाराशे कुठून सोडणार? विकत घ्यायच्या आधी ही मागची ओळ वाचा. तिथे 'गिगाबिट' लिहिलेलं असलं तर पैसे टाका.

मात्र त्याआधी खोली बघा. भाच्याची खोली दहिवलीत, दुसऱ्या मजल्यावर. चार पोरं, सगळी इंजिनीअरिंगची. फायबरचा डबा तळमजल्यावर मालकांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला चिकटून. लोखंड हे लहरींसाठी भिंतीपेक्षा वाईट. पोरांनी नेट कुठे लागतं ते शोधून काढलं होतं: जिन्याच्या सातव्या पायरीवर. सबमिशनच्या आदल्या रात्री चौघं तिथे ओळीने बसतात, मांडीवर लॅपटॉप, अंगावर डास. मालकीणबाई पाणी भरायला उठल्या की सगळ्यांनी उठून वाट द्यायची.

या पोरांना महागडा राउटर देऊन काहीही होणार नव्हतं. दुकानदार मग रिपीटर दाखवायला लागला. साध्या रिपीटरमध्ये ऐकणं आणि पुढे सांगणं एकाच रेडिओला करावं लागतं, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. आम्ही लॅनची वायर घेतली. खालच्या डब्यापासून पाण्याच्या पाइपच्या कडेने वर, खिडकीच्या चौकटीतून आत. तीस मीटरही लागली नाही. ही वायर १०० मीटरपर्यंत बिनदिक्कत चालते. वरच्या टोकाला गिगाबिट सॉकेटचा साधा दोन पट्ट्यांचा राउटर, अ‍ॅक्सेस पॉइंट करून, म्हणजे खालून आलेलं नेट फक्त हवेत सोडणारा. संध्याकाळी पोरं आपापल्या कॉटवर बसून काम करत होती.

दोन पट्ट्यांचाच का, तर इमारतीत आठ खोल्या आणि प्रत्येक खोलीत कुणाचा ना कुणाचा डबा. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आठ डबे तिथे बसले की बाजार भरतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीत अडकतात, हा त्यांचा दोष म्हणून सांगतात. भाड्याच्या खोलीत तोच गुण आहे. शेजारच्याचा गोंगाट भिंतीपलीकडे राहतो. आणि डबा आणल्या आणल्या त्याचा मूळ पासवर्ड बदला. कनेक्शन ज्याच्या कागदपत्रांवर, जाब त्यालाच विचारला जातो.

आता लाइटचं. खोपोलीत टाटांचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. पुढे १९२२ मध्ये भिवपुरीचंही आलं. ही केंद्रं ज्या डोंगराच्या पायथ्याशी आहेत, तिथेच जूनमध्ये वारा सुटला, झाडाची फांदी तारेवर पडली, की आमच्या पोरांची परीक्षेची रात्र अंधारात जाते. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. म्हणून महागडा राउटर न घेता वाचलेले पैसे राउटरच्या छोट्या यूपीएसवर घाला. बहुतेक डब्यांना १२ व्होल्ट लागतात. अडॅप्टरवरचा आकडा वाचून त्याच मापाचा घ्या. आणि दोन घ्या. खालचा फायबरचा डबा बंद पडला तर वरचा चालू राहून उपयोग नाही, ही चूक आम्ही पहिल्याच आठवड्यात केली.

हे सगळं एका खोलीचं झालं. कर्जत, भिवपुरी, खोपोली, कुंभिवली इथे कॉलेजं उभी राहिली आणि भिसेगाव, गुंडगे, मुद्रे इथे भाड्याच्या खोल्या वाढल्या. वाड्यांवरून ठाकर आणि कातकरी घरांतली मुलं येतात, घरातली पहिलीच कॉलेजला जाणारी. त्यांचा प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन, शिष्यवृत्तीचा महाडीबीटीवर, निकालही ऑनलाइन. शेवटच्या तारखेला नेट गेलं तर अशा एखाद्या मुलीचं वर्षभराचं गणित कोलमडतं. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मुलींच्या वसतिगृहातल्या मोबाइलबंदीच्या प्रकरणात इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. आपल्याकडे मात्र भाड्याच्या पाटीवर 'पाणी २४ तास' लिहितात, नेटचं कुणी विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. वसतिगृहांतही मी डबा बघितलाय तो रेक्टरच्या केबिनमध्ये. तिथे अभ्यास कोण करतं?

प्रत्येक खोलीत टीव्हीचा पॉइंट असतो. टीव्ही एकाही पोराकडे नाही. त्या जागी लॅनचा पॉइंट हवा, आणि भाड्याचा करार करताना मुलांनी तो मागायला हवा, जसा गिझर मागतात तसा.

भाच्याच्या समोरच तीन मजली इमारत उभी राहतेय, सगळ्या खोल्या विद्यार्थ्यांना द्यायच्या म्हणून. विटा उघड्या आहेत, गिलावा अजून व्हायचाय. परवा मालकांना गाठलं. म्हटलं, दादा, प्रत्येक खोलीला एक पाइप जास्तीचा टाका, लाइटच्या वायरीपासून वेगळा, सगळे खाली एका जागी आणा. त्यांनी विचारलं, खर्च किती येईल? आज पाइपचा आणि वायरीचा, म्हटलं. दिवाळीनंतर भिंत फोडायचाही. ते थोडा वेळ विटांकडे बघत राहिले आणि मग वर काम करणाऱ्या वायरमनला त्यांनी हाक मारली.